डब्यातली बेरीज

मी सगळ्यांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर माझ्या थोरल्या वहिनीचा, सुमनवहिनीचा. आई-आबांनी जन्म दिला, दादानं सैन्यातल्या पगारातून माझी फी भरली, शाळेतल्या सरांनीही जीव लावून शिकवलं. पण एखादी गोष्ट कळली म्हणजे माणसाच्या आत काय होतं, हे मला पहिल्यांदा वहिनीमुळं समजलं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. मेंढरं, त्यांची लोकर आणि दरसाल चाऱ्यामागं फिरणं, एवढंच आमचं जग होतं. त्यातून मी बाहेर आलो तो तिचं बोट धरून. आठवणींच्या या पुस्तकातलं हे प्रकरण तिच्याविषयी आहे, त्यामुळं ते तिचा भाऊ नितीन याच्याविषयीही आहे. त्याचा मी जन्मभर मत्सर केला. वय वाढलं की असल्या गोष्टी आपोआप विरतात, असं लोक सांगतात. मी अजून वाट बघतो आहे.

वहिनी सांगलीची. तिचे वडील हळदीच्या वखारीत तोलार होते, पोती काट्यावर तोलायचे. ती बारावी सायन्स झाली आणि लगेच लग्न होऊन आमच्या माणदेशातल्या गावी आली. दादा लग्नानंतर महिनाभरात परत पलटणीत गेला. घरात उरलो आई, आबा, वहिनी आणि मी. तिला आमच्याकडची कोरडी थंडी नवी होती. पहिल्याच हिवाळ्यात एकदा पहाटे उठून तिनं अंगावरचं घोंगडं बाजूला ओढलं, तर तडतड आवाज होऊन तिच्या नायलॉनच्या साडीवर बारीक ठिणग्या उडाल्या. घाबरून तिनं तांब्याच्या हंड्याचा आधार घेतला, तर हंड्यानंही चटका दिला. ती ओरडली तशी आई चुलीपुढून म्हणाली, "आगं पोरी, आदी भुईला हात लावायचा, मग भांड्याला. घोंगड्यातनं उठल्यावर आमी समदी तसंच करतो." आमच्या घरात ती रीतच होती. थंडीच्या दिवसांत घोंगडं काढलं की वाकून भुईला हात टेकायचा. आबा ते देवाला नमस्कार केल्यासारखं करायचे, म्हणून मला ते देवाचंच वाटायचं. वहिनी मात्र दिवसभर हसत होती. संध्याकाळी तिनं मला जवळ बसवलं, माझ्या तेल न लावलेल्या केसांवरून कंगवा फिरवला आणि तो कागदाच्या कपट्यांजवळ धरला. कपटे उडी मारून कंगव्याला चिकटले. "ह्याला स्थितिक विद्युत म्हणतात, भावजी," ती म्हणाली. माझ्या डोक्यातून काहीतरी निघून कंगव्यावर गेलं, हे कळल्यावर मी माझं डोकं चाचपून बघितलं होतं.

त्या दिवसापासून माझा अभ्यास तिच्याकडं लागला. भाकरी थापता थापता ती पाढे विचारायची, लसूण सोलताना बीजगणित. आणि दूध तापवलेल्या पातेल्याच्या बुडाला जी तांबूस खरवड धरते, ती कालथ्यानं खरवडून, वर चिमूटभर गूळ घालून माझ्या हातावर ठेवायची. ती खरवड मला पदवीइतकी मोलाची वाटत असे. आई एकदा म्हणालीसुद्धा, "सुमे, पोराला लय लाडावतीस." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की दोन दिवस मी मेंढरांच्या वाडग्यातल्या लेंड्या न सांगता काढल्या.

पुढं दादा सुट्टीवर येऊन गेला, वहिनीला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी निघाली. तिनं आबांपुढं एकच गोष्ट मागितली. "मामा, भावजींना माझ्याबरोबर सांगलीच्या शाळेत घाला. डोकं चांगलं आहे." आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. दादा सैन्यात गेल्यापासून कळपामागं एक माणूस कमीच होता. शेवटी म्हणाले, "मेंढरं नदीला उतरंस्तोर शिकू दे. मग बगू." आमचा कळप दिवाळीनंतर कृष्णाकाठच्या उसाच्या रानांत उतरायचा. म्हणजे माझी शाळा त्या वेळेपर्यंत होती. त्यानंतर एक तर आबांचं मन वळलेलं असणार, नाही तर माझ्या हातात काठी येणार.

सांगलीत वहिनीचं घर हळदीच्या वखारींना लागून होतं. गल्लीत शिरलं की नाकात हळद, उंबऱ्यावर हळद, वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावरसुद्धा हळद. सकाळी हमालांच्या आरोळ्या आणि काट्याच्या साखळीचा आवाज यांनी जाग यायची. वहिनीची आई, जिला मी मावशी म्हणायचो, सकाळच्या न्याहारीला भडंग द्यायची, लसूण सढळ घालून. सगळं चांगलं होतं. फक्त त्या घरात नितीन होता. तो माझ्याच वर्गात, माझ्याच वयाचा. सायकल हात सोडून चालवायचा, इंग्रजी कविता पाठ म्हणायचा आणि मला पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "काय रं गड्या, तुमच्या मेंढरांस्नी पण शॉक बसतो का?" विचारून तो इतका मनापासून हसला की मलाही हसावं लागलं. तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण त्यानंच मला सायकल शिकवली, वर्गात स्वतःच्या बाकावर जागा दिली. त्याच्यावर राग धरायला मला रोज नवं कारण शोधावं लागे, आणि ते रोज मिळे.

पहिलं कारण खरवडीचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दूध तापलं, वहिनीनं पातेलं खरवडलं आणि सवयीनं हाक मारली, "नित्या, ये." तिनं ती लहानपणापासून त्यालाच दिली होती, हे मला नंतर कळलं. म्हणजे आमच्या गावात मी जी खात होतो, ती त्याची होती. दुसरं कारण याहून मोठं होतं. वहिनी त्याला 'तू' म्हणायची. "नित्या, तू परत पाय न धुता आलास? इकडं ये, पाठ कर पुढं." आणि त्याच्या पाठीत एक धपाटा. माझ्याशी बोलायची तेव्हा, "भावजी, तुम्ही जेवलात का? भावजी, तुमचं गणित झालं का?" नवऱ्याच्या धाकट्या भावाला असंच बोलायचं असतं, तो मान असतो, हे मला ठाऊक होतं. पण तो मान मला नको होता. तो धपाटा हवा होता. गावी असताना तिचं 'भावजी' मला सगळ्यांत गोड वाटायचं, कारण शेजारी 'तू' ऐकू येत नव्हतं.

शाळेत विज्ञान प्रदर्शनाचं ठरलं तेव्हा वहिनीनं आम्हा दोघांना मिळून एक प्रयोग करायला सांगितला. काचेच्या बरणीच्या तोंडात मेणाचं बूच बसवायचं, बुचातून तांब्याची तार आत सोडायची, तारेच्या खालच्या टोकाला मिठाईवर लावतात त्या चांदीच्या वर्खाच्या दोन पट्ट्या टांगायच्या. वर्ख नितीननं ओळखीच्या हलवायाकडून आणला. तारेच्या वरच्या टोकावर पत्र्याचा रिकामा डबा. डब्यात विद्युतभार असलेली वस्तू सोडली की वर्खाच्या पट्ट्या एकमेकींपासून फाकतात. घासायला होता प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडा आणि वहिनीनं गावाहून आणलेल्या जुन्या घोंगड्याचा एक तुकडा. हा तुकडा प्लॅस्टिकच्या पट्टीच्या टोकाला बांधलेला, कारण हातात धरला तर त्याचा भार हातातून निघून जातो. दोन्ही एकमेकांवर घासायचे आणि दोन्ही एकदम डब्यात सोडायचे. वर्ख हलत नाही. मग नळ बाहेर काढायचा, वर्ख फाकतो. नळ परत आत, वर्ख मिटतो. लोकर बाहेर काढा, परत तेवढाच फाकतो.

"घासल्यानं नवीन काही तयार होत नाही," वहिनी बाळंतिणीच्या खाटेवर बसून सांगत होती. मुलगी आठवड्यापूर्वी झाली होती आणि मांडीवर झोपली होती. "एकाकडचं दुसऱ्याकडं जातं. नळाकडं जेवढं आलं, तेवढंच लोकरीकडचं गेलं. दोन्हींची बेरीज आधीही शून्य, नंतरही शून्य." नितीननं मान डोलावली आणि वहीत काढलेल्या आकृतीला रंग भरू लागला. माझ्या मात्र ते काळजात गेलं. इतके दिवस मला जे नुसतं टोचत होतं, त्याला आता नियम सापडला होता. वहिनीची माया जेवढी आहे तेवढीच आहे. नित्याकडं जेवढी जाते, तेवढी माझी कमी होते. पुढं कित्येक वर्षं मी मुलांना हा नियम शिकवला. शिकवताना दर वेळी बजावून सांगायचो की जिथं बाहेरून काही येत नाही आणि बाहेर काही जात नाही, अशाच ठिकाणी तो लागू होतो. घर हे तसं ठिकाण नव्हे, हे तेव्हाही मला दिसायला हवं होतं, कारण वहिनीच्या मांडीवर ती मुलगी होती आणि तिच्यासाठीची माया कुणाकडून वजा झालेली दिसत नव्हती. पण मत्सर करणाऱ्याला उदाहरणं हवी असतात, अपवाद नकोत.

सरांचा दंडक असा होता की एकानं बोलायचं, दुसऱ्यानं हातांनी करून दाखवायचं. घोंगडं आमचं, ठिणग्या आमच्या गावच्या, तेव्हा बोलणार मीच, हे मी गृहीत धरलं होतं. वहिनी म्हणाली, "नितीन बोलेल. तुम्ही करून दाखवा."

"का?" मी विचारलं.

तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "परीक्षक शिकलेले असतात, भावजी. तुम्ही घाईत 'हाय', 'न्हाई' बोलून जाता. उगीच कुणी हसायला नको."

"आन् ह्यो काय बोलतो?"

"नित्या घरात कसाही बोलतो. तिथं नीट बोलेल."

त्याच सुमारास निरोप आला होता की कळप नदीपलीकडच्या रानात उतरलाय आणि आबा प्रदर्शन बघायला येणार आहेत. येणार म्हणजे काय ठरवायला येणार, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. मी तिथं नुसता नळ घासत उभा राहिलेला आबांना दिसणार होतो. नळ घासायला शाळा कशाला लागते?

प्रदर्शनाच्या सकाळी मी टेबल मांडायला आधी पुढं गेलो. आबा रानातून थेट वहिनीच्या घरी पोचले. नंतर नितीननं सांगितलं ते असं. प्रयोगाची सगळी चीजवस्तू बघून झाल्यावर त्यांनी तो जुना तुकडा उचलला आणि म्हणाले, "ह्ये चिंधूक दावणार व्हय सायबांस्नी?"

"चालतंय आबा. त्याच्यावरच सराव केलाय," नितीन म्हणाला.

"तुला काय ठावं. चांगल्या कामाला कोरं लागतं."

आईनं जपून ठेवलेलं नवं घोंगडं त्यांनी बरोबर आणलं होतं. त्याचा तुकडा त्यांनी स्वतः कापला, नितीनकडून पट्टीला बांधून घेतला. आणि लोकर चांगल्या कामाला घराबाहेर काढताना आमच्यात जे करतात ते केलं. येताना घाटावरून भरून घेतलेलं कृष्णेचं पाणी त्यावर शिंपडलं, वर चिमूटभर भंडारा. नितीनला ते पूजेसारखं वाटलं, त्यानं हात जोडले. जुना तुकडा बाळाच्या दुपट्याखाली राहिला.

हॉलमध्ये गर्दी होती. तीन परीक्षक आमच्या टेबलाशी आले, त्यांत एक बाई होत्या. वहिनी बाळाला घेऊन भिंतीशी उभी होती, मावशीही होती आणि दाराजवळ आबा, अंगावर त्यांचं रोजचं घोंगडं, हातात काठी. नितीननं सुरुवात केली. काय बोलला तो. एक शब्द अडला नाही, एक 'हाय' आला नाही. मी नळ घासत होतो आणि प्रत्येक वाक्यागणिक जळत होतो. "आता आपण नळ बाहेर काढू आणि वर्ख फाकलेला दिसेल," तो म्हणाला. मी नळ काढला. वर्ख जागचा हलला नाही. "पुन्हा पाहू," नितीन म्हणाला. मी परत जोर लावून घासलं. वर्ख तसाच. मागं कुणीतरी खुदकन हसलं. नितीनचं पाठ केलेलं सगळं तिथंच संपलं. खरं सांगायचं तर त्या एका क्षणी मला फार बरं वाटलं. पुढच्याच क्षणी मी दाराकडं बघितलं. आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली होती. निघायचं ठरलं की ते तसं करतात.

तेवढ्यात माझ्या नाकात वास शिरला. ओल्या लोकरीचा वास मेंढपाळाच्या पोराला झोपेतही कळतो. मी तुकड्याला बोट लावलं. गार होता, आणि नव्या घोंगड्याला लावलेली चिंचोक्याची खळ ओलीनं चिकट झाली होती. मला सगळं कळलं, पण तोंड उघडेना. बोलायचं काम माझं नव्हतं.

"बिरा," भिंतीकडून माझ्या नावानं आवाज आला. वहिनीचा. "तू बोल रे. तुला कळलंय ना? तू सांग. जसं येतंय तसं सांग."

मी बोललो. "साहेब, लोकर वली हाय." हसू उठलं, पण मला ते लांबून आल्यासारखं वाटलं. "वल्या लोकरीवर भार ऱ्हात न्हाई. वलीवाटं पट्टीवर येतो, हातातनं भुईत जातो." आणि टेबल सोडून मी आबांपुढं जाऊन उभा राहिलो. "आबा, अंगावरचं द्या. कोपरा कापायचाय."

अंगावरचं घोंगडं आमच्यात कापत नाहीत. "लोकर कशी वली?" आबांनी हळूच विचारलं. "मी शिपडलेल्या पाण्यानं?"

"व्हय."

त्यांनी घोंगडं डोक्यावरून ओढून काढलं. तडतड आवाज झाला, तो पहिल्या रांगेतल्या मुलांनीही ऐकला. मग सवयीनं त्यांनी वाकून भुईला हात लावला, कमरेचा खूर कातरायचा चाकू काढला आणि विचारलं, "किती?"

"वीतभर."

तो तुकडा पट्टीला बांधून मी घासला. दोन्ही डब्यात, वर्ख गप्प. या वेळी नळ मी काढला नाही. न सांगता नितीननं काढला, आणि वर्खाच्या पट्ट्या पाय फाकल्यासारख्या दूर झाल्या. मी बोलत गेलो तसा तो काढत-घालत गेला. परीक्षक बाईंनी विचारलं, "मग नळाला मिळालं ते कुठून आलं?"

"लोकरीकडनं, बाई."

"म्हणजे लोकरीचं नुकसान झालं?"

"नुकसान न्हाई. तिच्याकडं कमी हाय येवढंच. दोघं एका डब्यात आली की कुणाचं जादा न्हाई, कुणाचं कमी न्हाई."

हे उत्तर मी दिलं होतं, हे मला आता लिहितानाही खरं वाटत नाही. कारण मी स्वतः त्यावर विश्वास ठेवत नव्हतो.

आमची निवड झाली नाही. पवनचक्की केलेली दोन मुलं पुढं गेली. नितीन घरी येईपर्यंत रडला. आबा त्याच्याबरोबर चालत होते, कोपरा कापलेलं घोंगडं खांद्यावर. वखारीपाशी आल्यावर थांबून ते वहिनीला म्हणाले, "सूनबाई, मेंढरं माजी मी बगंन. यखादा गडी ठेवीन. ह्याला हितंच असू दे." मग माझ्याकडं न बघता, "बोलतंय की पोरगं."

त्या दिवशी आबा जेवून मग रानात परतले. वहिनीनं दूध तापवलं, पातेलं खरवडलं. नितीन आणि मी दोघंही पाटावर सरळ होऊन बसलो. ती खरवड गूळ घालून आबांच्या ताटात गेली. आबांनी ती एका घासात खाल्ली. नितीन माझ्या कानाशी लागून म्हणाला, "गेली गड्या. दोघांची बी." त्या सबंध वर्षात मला त्याचा हेवा वाटला नाही असा तेवढा एक क्षण. लगेच वहिनी म्हणाली, "भावजी, मामांना हात धुवायला तांब्या द्या." 'तू' हॉलमध्येच राहिलं होतं.

बाकीचं लोकांना माहीत आहे. मी शिकलो, साताऱ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, निवृत्त झालो. दादा गेला. वहिनीची मुलगी लांब असते. वहिनी सांगलीत राहते, नितीनच्या शेजारी, आणि नितीन रोज सकाळी तिच्याकडं चहा पितानाचा फोटो मला मोबाइलवर पाठवतो. तो प्रेमानं पाठवतो हे मी जाणतो. मी रोज उघडून बघतो आणि रोज बशीत काय आहे ते मोठं करून पाहतो. हे प्रकरण लिहून झाल्यावर मी वहिनीला पत्र घातलं. ते असं:

ती. वहिनींस, साष्टांग नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही दोन मिनिटं बोलता आणि "थांबा, नितीन आलाय" म्हणून त्याच्या हातात देता. पत्र त्याच्या हातात देऊ नका.

तुमच्याविषयी लिहिलं आहे, ते सोबत धाडतो. चूक असेल तिथं लाल शाईनं खूण करा, पूर्वी करत होतात तशी. तुमच्यामुळं मी माणसांत आलो, हे त्यात लिहायचं होतं. लिहिताना नितीनच मध्ये मध्ये आला. त्याला इलाज नाही.

थंडीचे दोन महिने साताऱ्याला या. तुम्ही तिथं कायम असता, म्हणजे सगळी बेरीज त्याच्याकडं जमली आहे. माझ्याकडं किती कमी पडलं आहे, ते तुम्हीच काढा, नियम तुम्हीच शिकवला आहे. इथली हवा कोरडी आहे. आबांच्या घोंगड्याचा तो कोपरा माझ्याकडं आहे, उन्हात टाकला आहे, कुणाला पाणी शिंपडू दिलेलं नाही. म्हशीचं दूध दारावर येतं. खरवड मी काढीन, तुम्ही नुसती वाटून द्या. नितीनला आणायचं असलं तर आणा. अर्धी त्याला द्या, मी बघून घेईन.

एक गोष्ट कधी विचारली नाही. त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही मला 'तू' म्हणालात, ते मुद्दाम की घाईत तोंडातून गेलं? त्याचं उत्तर नको, कुठलंही आलं तरी मला पुरणार नाही. पत्र पोचल्याचा फोन कराल तेव्हा भावजी म्हणू नका. "बिरा, तू कसा आहेस" एवढं विचारा. आणि नितीन शेजारी बसला असेल, तर जरा मोठ्यानं विचारा.

तुमचा,
बिरा